आत्यांची बाजू

सोफे-खुर्च्यांचं काम करणाऱ्या आत्यांना एखाद्या गोष्टीवर मत नाही, असं त्या रस्त्यावर कुणी कधी ऐकलं नव्हतं. नगरपालिकेने बाकं कुठे ठेवावीत, डॉक्टरांनी दवाखाना किती वाजता उघडावा, समोरच्या औषधवाल्याने दुसरं लग्न करावं की नाही, सगळ्यावर त्यांचं मत तयार असायचं आणि कुणी विचारायची वाटही त्या बघत नसत. ओठांत बारीक खिळे धरलेले, हातात हातोडी, आणि तोंडाच्या एका कोपऱ्यातून मत बाहेर पडायचं. औषधवाल्याने लग्न केलं नाही, ते आत्यांमुळेच, असं तो स्वतःच सांगायचा. त्यात आभार किती आणि तक्रार किती, ते मात्र कळायचं नाही.

नवरा गेल्यावर दुकान त्यांनी एकटीने ओढलं. जुनी खुर्ची आली की तिचं कापड उसवायचं, आतल्या ढिल्या पट्ट्या काढून नव्या ताणून ठोकायच्या, काथ्या भरायचा, वर फोम आणि मग मापाने शिवलेलं कव्हर चढवायचं. पाठीचे टाके घालायला त्यांच्याकडे अर्धगोल वाकवलेली हातभर सुई होती आणि दोरा मेण लावलेला, जो दाताने तुटत नाही. खरं तर त्या आत्या एकाच मुलीच्या, त्यांच्या धाकट्या भावाच्या लेकीच्या. पण ती लहानपणी शाळा सुटली की दुकानात येऊन काथ्याच्या ढिगावर बसायची आणि दिवसभर आत्या आत्या करायची. ते ऐकून ऐकून अख्खा रस्ताच त्यांना आत्या म्हणायला लागला.

हा धाकटा भाऊ त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात हळवी जागा. तो रंगाच्या कंपनीचा फिरता विक्रेता होता. निवृत्त झाल्यावरही त्याचा पाय घरात ठरायचा नाही. एकदा असाच जुन्या मित्राला भेटायला म्हणून दुसऱ्या शहरात गेला आणि तिथल्या बसस्टँडवर कोसळला. लोकांनी इस्पितळात नेलं. वाचा गेली होती आणि खिशात काहीच नव्हतं. पाकीट आधीच मारलं होतं की पडल्यावर कुणी काढून घेतलं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. दोन दिवसांत तो गेला. इस्पितळाने वाट पाहिली, मग नगरपालिकेच्या माणसांनी बेवारस म्हणून सगळं उरकून टाकलं. इकडे घरच्यांनी पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवल्या. अखेर त्या शहरातल्या एका हवालदाराने कपड्यांचा फोटो दाखवला. शर्ट कुणाचाही असू शकला असता, पण त्याचं तिसरं बटण काळ्या जाड दोऱ्याने शिवलेलं होतं. तो मेणाचा दोरा होता. ते बटण आत्यांनीच दुकानात उभ्या उभ्या लावून दिलं होतं आणि असा दोरा शर्टाला शोभत नाही म्हणून तो हसलाही होता.

त्यामुळे सरकारने प्रत्येकाला फोटोचं आणि बोटांच्या ठशांचं एकच ओळखपत्र द्यायचं काढलं, तेव्हा आत्यांचं मत काय असणार हे उघडच होतं. रस्त्यावर दोन तट पडले. औषधवाला म्हणे, ज्याने काही वावगं केलं नाही त्याने भ्यायचं कशाला. चपला दुरुस्त करणारा म्हणे, सरकारला माझा अंगठा हवा कशाला, मला सरकारचा अंगठा कुठे मिळतो. आत्या दोघांचंही ऐकून घ्यायच्या नाहीत. त्या म्हणायच्या, माझा भाऊ नावाशिवाय गेला, आणखी कुणाचा जाऊ नये, विषय संपला.

विषय न संपवणारी एकच होती, ती म्हणजे भाची. ती आता कॉलेजात कायदा शिकवायची आणि ओळखपत्राविरुद्ध सह्या गोळा करणाऱ्या मंडळात पुढे होती. जिचा बाप बेवारस गेला तिनेच विरोध करावा, हे आत्यांच्या पचनीच पडत नव्हतं. एकदा दोघींचं दुकानातच जुंपलं.

"बाबांच्या खिशात कार्ड असतं," भाची म्हणाली, "तर ते पाकिटाबरोबरच गेलं असतं, आत्या."

"बोटं कुणी चोरून नेत नाही. बोटांवरून कळलं असतं."

"तेच तर. पाकीट गेलं तर नवं घेता येतं. बोटं चुकीच्या माणसाच्या हाती लागली तर नवी कुठून आणायची?"

आत्यांना पटकन उत्तर सुचलं नाही, आणि उत्तर न सुचणं त्यांना नवीन असल्यामुळे त्यांनी रागावून घेतलं. बापाची आठवण राहिली नाही, असं काहीतरी त्या बोलून गेल्या. भाची उठून गेली, आणि मग बरेच दिवस फिरकली नाही.

याच सुमाराला कायदा करण्याआधी लोकांचं म्हणणं ऐकायला सरकारी समिती गावोगाव येणार असल्याचं जाहीर झालं. व्यापारी मंडळाचे अध्यक्ष म्हणजे कोपऱ्यावरचे फर्निचरवाले. ते स्वतः दुकानात आले, उसवलेल्या खुर्चीच्या कडेवर कसेबसे टेकले आणि म्हणाले, आत्या, आमची भाषणं कुणी ऐकणार नाही, तुमची हकीकत ऐकतील. बाजूने बोलणाऱ्यांत पहिलं नाव तुमचं घालतो. आत्यांनी लगेच होकार दिला. फर्निचरवाल्यांनी एका वार्ताहरालाही आणलं, आणि बटणाची गोष्ट पेपरात छापून आली.

त्या दिवसापासून काम करता करता आत्या भाषणाची तालीम करू लागल्या. ऐकायला एकच माणूस होतं, मशीनवर बसणारी सुई.

सुई हे अर्थातच तिचं नाव नव्हतं. सातेक वर्षांपूर्वी दारावरची 'शिवणकामाला बाई पाहिजे' अशी पाटी वाचून ती आत आली होती. उंच, किडकिडीत, एकच पिशवी घेऊन. तिने एक नाव सांगितलं होतं, पण ते तिला कधी चिकटलंच नाही. त्या नावाने हाक मारली की तीन हाकांनंतर ती वर बघायची. मशीनच्या आवाजात ऐकू येत नसेल, असं आत्यांना वाटायचं. म्हणून त्यांनीच तिचं सुई करून टाकलं, आणि या नावाला मात्र ती पहिल्या हाकेला ओ द्यायची. दुकानावरच्या खोलीत राहायची. भाडं नाही, त्याबदली सकाळी दुकान उघडून झाडायचं. तिला कधी पत्र आलं नाही, पाहुणा आला नाही. एकदा मशीनची सुई तिच्या बोटातून आरपार गेली, तरी ती दवाखान्यात गेली नाही. फडकं गुंडाळून तिने संध्याकाळपर्यंत कव्हरं शिवली. आत्या म्हणाल्या होत्या, चिक्कूपणाला काही हद्द असावी. तिने ते हसून मान्य केलं होतं.

आत्यांची तालीम सुरू झाली तशी सुई कामात चुकू लागली. दंतवैद्याच्या खुर्चीचं कव्हर तिने उलट्या बाजूने शिवलं. मग एका सोफ्याचे दोन्ही हात डाव्या मापाचे बेतले. इतक्या वर्षांत तिच्या हातून असं कधी झालं नव्हतं. आत्यांनी दोनदा सोडून दिलं, तिसऱ्यांदा बोलल्या. त्यावर सुई म्हणाली, महिनाअखेरीला मी काम सोडते, दुसरी बाई बघा.

आत्यांच्या डोक्यात पहिल्यांदा आला तो फर्निचरवाला. आपल्याकडे भाषणाचं काढून त्याने आपली कारागीर फोडली, असं त्यांना वाटलं. किती पगार देतोय तो, असं त्यांनी तिला तोंडावरच विचारलं. सुईने मशीन थांबवलं. दुपारची वेळ होती, रस्ता निवांत होता. ती उठली, दुकानाचं दार लोटून आली आणि परत आपल्या जागेवर बसली.

"आत्या, तुमचा कायदा झाला तर मला इथे राहता येणार नाही. मी सांगते ते माझं नाव नाही."

मग तिने सांगितलं ते थोडंच होतं. तिला नवरा आहे. तो मारायचा, आणि साधं मारणं नव्हतं ते. तो अशा सरकारी खात्यात आहे जिथे बसल्या जागी कुणाचाही ठावठिकाणा काढता येतो. ती पहिल्यांदा पळाली तेव्हा इस्पितळात नाव नोंदवलं म्हणून सापडली. दुसऱ्यांदा बँकेत खातं उघडलं म्हणून. तिसऱ्यांदा निघताना तिने नावच मागे ठेवलं. इथे यायच्या आधी ती कधी कुठल्या एका गावात एवढी टिकली नव्हती. बोटं दिली की नाव निघणार, नाव निघालं की तो येणार.

आत्या ऐकत होत्या, पण त्यांच्या मनात आधी भलतंच आलं. सात वर्षं ही माझ्या ताटाला ताट लावून जेवली आणि हिने मला खरं नाव सांगितलं नाही. दया यायच्या आधी त्यांना फसवल्यासारखं झालं, आणि तसं झालं म्हणून लगेच स्वतःची लाज वाटली. या दोन्हींच्या मध्ये त्या काहीतरी भलतंच विचारून बसल्या.

"आणि उद्या तुला काही झालं, तर मी कुणाला कळवायचं?"

"कुणालाच नाही."

"म्हणजे बेवारस?"

"चालेल मला," सुई म्हणाली. "त्याने येऊन मला ताब्यात घेण्यापेक्षा ते बरं."

आत्यांना वाटलं, आपण बसलोय ती खुर्ची पट्ट्या न ठोकलेली असावी. ज्या गोष्टीने त्यांची झोप उडवली होती, तीच गोष्ट ही बाई मागून घेत होती. त्यांनी वाकडी सुई उचलली आणि एका पाठीला टाके घालायला घेतले. थोड्या वेळाने बघतात तर दोरा ओवलेलाच नव्हता. भोकं तेवढी पडत होती.

पुढचे काही दिवस त्या स्वतःशीच वाद घालत राहिल्या. सकाळी वाटायचं, एका सुईसाठी हजारो लोकांनी नावाशिवाय मरायचं का. दुपारी वाटायचं, मेलेल्याला नाव मिळावं म्हणून जित्या बाईला मारायचं का. नवऱ्याविरुद्ध तक्रार कर, असं त्यांनी सुचवून पाहिलं. सुई म्हणाली, केली होती, ती आधी त्याच्याच टेबलावर गेली. मग सरकारातली सगळीच माणसं तशी नसतात, असं आत्या म्हणाल्या, आणि तेही खरंच होतं. ज्या हवालदाराने कपड्यांचा फोटो हुडकून दाखवला होता, तोही सरकारचाच होता की. प्रत्येक गोष्ट खरी होती आणि एकीजवळ दुसरी ठेवली की दोन्ही जुळत नव्हत्या.

शेवटी त्या भाचीच्या घरी गेल्या. आधीचं बोलणं मनात ठेवू नकोस, असं म्हणून झालं, आणि मग सुईचं नाव न घेता, माझ्या ओळखीची एक बाई आहे, असं करून त्यांनी सगळं सांगितलं. भाची ऐकता ऐकता पुढे सरकून बसली. तिचे डोळे चमकले. ती म्हणाली, आत्या, आम्ही नेमकं हेच शोधत होतो. ही बाई समितीपुढे बोलली तर सगळी सुनावणी फिरेल. पडद्याआड बसवू, चेहरा दिसू देणार नाही.

आत्या खुर्चीत मागे सरकल्या.

"फर्निचरवाले पण मला असंच म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "तुमची हकीकत ऐकतील म्हणून."

भाचीचा चेहरा उतरला. तिने चहा केला, तो दोघींनी प्यायला, आणि त्या बाईचा विषय तिने पुन्हा काढला नाही. निघताना मात्र ती दारात म्हणाली की तिला स्वतःलाही कधी कधी नक्की कळत नाही. कार्डामुळे इस्पितळाच्या त्या दोन दिवसांत घरचं कुणी बाबांचा हात धरायला पोचलं असतं, तर तिने ते कार्ड मान्यही केलं असतं. मग सह्या कशाला गोळा करतेस, असं आत्यांनी विचारलं. काहीतरी एक तर करायला हवं ना, ती म्हणाली. आत्या आल्या होत्या त्यापेक्षा जास्त गोंधळून घरी गेल्या.

सुनावणी नाट्यगृहात होती. तिथल्या खुर्च्या आत्यांच्याच हातच्या, तरी त्या दिवशी त्यांना एकीतही नीट बसवेना. रंगमंचावर लांब टेबल, मागे समितीचे लोक, पुढे माइक. बाजूने बोलणारे डावीकडे, विरोधातले उजवीकडे. फर्निचरवाल्यांनी त्यांना डावीकडे पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. उजवीकडे भाची होती. तिने लांबूनच हात वर केला.

नाव पुकारल्यावर आत्या माइकपाशी गेल्या. भावाची हकीकत त्यांनी सांगितली, बसस्टँड, इस्पितळ, बटण. तोंडपाठ होती, त्यामुळे अडखळल्या नाहीत. मग पुढचं वाक्य यायचं होतं, म्हणून माझी सरकारला विनंती आहे की. ते आलंच नाही. त्याऐवजी त्यांच्या मनात सुई उभी राहिली. पण सुईबद्दल एक शब्द काढायची सोय नव्हती. समोर वार्ताहर बसले होते. माझ्या ओळखीची एक बाई, एवढं जरी म्हटलं असतं, तरी उद्या पेपर वाचणाऱ्याने दुकानाचा माग काढला असता. म्हणजे जे सांगायला हवं होतं ते सांगता येत नव्हतं, आणि जे सांगता येत होतं ते अर्धंच होतं.

समितीच्या अध्यक्षांनी अदबीने विचारलं, "म्हणजे बाई, तुमचा पाठिंबा आहे असं धरायचं ना?"

"मला माहीत नाही," आत्या म्हणाल्या.

मागे कुणीतरी हसलं. अध्यक्ष म्हणाले, आमच्याकडे बाजूने आणि विरोधात असे दोनच रकाने आहेत, काहीतरी लिहायला लागेल.

"मग लिहा, बाई गोंधळली. मी इथे आले तेव्हा माझ्या भावासाठी आले होते. आता मला एवढंच कळतंय, की तुम्ही ज्यांचं ऐकायला पाहिजे, ती माणसं इथे यायचीच नाहीत. का येणार नाहीत ते मला सांगता येत नाही. आणि माझा भाऊही येणार नाही."

त्या खाली आल्या. डावीकडे जायचं की उजवीकडे, ते न सुचल्यामुळे मधल्या वाटेने सरळ दाराबाहेर पडल्या.

दुसऱ्या दिवशी एका पेपरात आलं, शोकाकुल बहिणीला शब्द फुटेना, ओळखपत्राची निकड अधोरेखित. दुसऱ्यात आलं, पीडिताच्या बहिणीनेही पाठिंबा नाकारला. औषधवाला दोन्ही पेपर घेऊन आला आणि विचारू लागला, आत्या, यातलं खरं कुठलं. आत्यांनी दोन्ही वाचले, घड्या घातल्या आणि एका खुर्चीच्या ढिल्या पायाखाली सरकवून दिले. फर्निचरवाल्यांनी काही काळ कामं द्यायचं बंद केलं आणि मग दुसरा कारागीर पट्ट्या नीट ताणत नाही म्हणून पुन्हा सुरू केलं.

सुईला त्यांनी काय झालं ते सगळं सांगितलं. महिनाअखेर आली तशी तिने पिशवी भरली. आत्या वर गेल्या आणि म्हणाल्या, कायदा अजून झालेला नाही, होईल तेव्हा बघू, हातात दंतवैद्याचं काम आहे ते तरी संपव. ते संपलं, मग दुसरं आलं, आणि पिशवी भरलेलीच पलंगाखाली राहिली.

कायदा झाला, पण निम्माशिम्मा. ओळखपत्र कुणावर सक्तीचं नाही, ज्याला हवं त्याने घ्यावं. दोन्ही तट म्हणाले, आपण जिंकलो. आत्या रांगेत उभ्या राहून आपलं कार्ड घेऊन आल्या. घेताना भावाची आठवण आली आणि बरं वाटलं, आणि घरी येईपर्यंत सुईसमोर ते कसं ठेवायचं म्हणून वाईट वाटलं. सुईनेच ते मागून घेऊन पाहिलं. फोटोत तुम्ही भांडायला निघाल्यासारख्या दिसता, म्हणाली. भाचीने घेतलं नाही. त्यावरून आता दोघींची भांडणं होत नाहीत, म्हणजे होतात, पण कोण कुणाची बाजू मांडतंय ते मध्येच बदलतं.

मग ऐच्छिक म्हणता म्हणता कार्ड जिथेतिथे मागायला लागले. आधी बँकेत, मग इस्पितळात. आणि एक दिवस नगरपालिकेने ठरवलं की दुकानाचा परवाना पुढे चालू ठेवायचा तर तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाचा कार्ड क्रमांक द्यायचा. आत्या हिशेबाच्या चोख, तराजू न वापरता काथ्या विकला तरी लोक खातरीने नेत. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा सरकारदरबारी खोटं सांगितलं, की दुकानात मी एकटीच असते. शिवणमशीन त्यांनी आणि सुईने मिळून जिन्याने वर चढवलं. आता मापं खालून वर जातात आणि शिवलेली कव्हरं वरून खाली येतात.

या वर्षी तपासणीला एक तरुण निरीक्षक आला. त्याने परवाना पाहिला, आत्यांचं कार्ड पाहिलं, भिंतीवरची हत्यारं पाहिली. तेवढ्यात वर मशीन सुरू झालं आणि छताचा चुना त्याच्या खांद्यावर पडला. वर कोण असतं, त्याने विचारलं.

"बहीण," आत्या म्हणाल्या.

तो वर बघत जरा वेळ उभा राहिला. वरचं मशीन थांबलं. मग त्याने खांदा झटकला आणि म्हणाला, आईची एक जुनी आरामखुर्ची आहे, मधोमध खचली आहे, नीट होईल का. आत्या म्हणाल्या, आणून दाखवा, बघितल्याशिवाय सांगता येत नाही. तो बरं म्हणाला आणि निघून गेला.

तो समजून गेला, की त्याला काहीच समजलं नाही, की खुर्चीच्या निमित्ताने परत बघायला येणार आहे, याचा आत्यांना अंदाज लागेना. त्या जिन्याखाली उभ्या राहिल्या. वरून सुईने विचारलं, गेला का. गेला, आत्या म्हणाल्या. मग कसा होता, तिने विचारलं. चांगला वाटला, असं त्या म्हणणार होत्या, पण तेवढं तरी आपल्याला नक्की माहीत आहे का, असा विचार करत त्या एक हात कठड्यावर ठेवून तशाच उभ्या राहिल्या.